देवलेताकाकूंचं तबक

आमची लामिया हुशार आहे, यात वाद नाही. लहानपणी तिनं माझ्या दुकानातला तराजू उघडून पुन्हा जोडला, तर तो आधीपेक्षा बरोबर वजन दाखवायला लागला. नुकसान माझंच झालं. पण हुशार माणसांची मला एक धास्ती वाटते. त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय सापडतो, आणि उपाय सापडला की ते निर्धास्त होतात.

मी तेशान गावच्या बस स्टँडसमोर बुरेक, म्हणजे खिमा भरलेल्या पापुद्र्यांच्या गुंडाळ्या, विकते. पहाटे भट्टी पेटवायची आणि दुपारपर्यंत पायांचे तुकडे पडेस्तोवर उभं राहायचं, हा माझा संसार. लामिया माझ्या बहिणीची मुलगी. बहीण स्लोव्हेनियात एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे, वर्षातनं दोनदा तोंड दाखवते. पोरीला माझ्या भरवशावर टाकून गेली खरी, पण मला कुठली सवड! पोरगी वाढली ती देवलेताकाकूंच्या स्वयंपाकघरात.

काकूंचं घर किल्ल्याखालच्या चढावर, मोहल्ल्याच्या अगदी वरच्या टोकाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा नेजाद, माझ्याच वर्गातला, ऑस्ट्रियात लिंत्सला ट्रक दुरुस्त करतो. शाळा सुटली की लामिया दप्तर घेऊन तो चढ चढायची. ती दारात दिसली की काकू कॉफीसाठी लांब दांड्याची तांब्याची जेझवा चुलीवर ठेवायच्या आणि तबकात फिल्जान, त्या बिनकानाच्या इवल्या वाट्या, मांडायच्या. पोरीला फिल्जानभर दूध आणि वर कॉफीचा एक थेंब. म्हणायच्या, "बस समोर. एकटीनं घ्यायची ती कॉफी नव्हे गं, ते औषध."

नेजाद दर उन्हाळ्यात यायचा आणि दर उन्हाळ्यात तेच भांडण व्हायचं. चढावरच्या घरात, बर्फात, एकटी काय करतेस, चल माझ्याकडे, खोली तयार आहे. काकू ऐकून घ्यायच्या आणि सांगायच्या, "हे बघ, माझ्या तबकासमोर बसायला जोवर एक माणूस येतंय, तोवर मी हलणार नाही. ज्या दिवशी कोणी यायचं थांबेल त्या दिवशी मीच तुला बोलावीन. मग ने कुठं न्यायचं ते." नेजाद माझ्या दुकानात येऊन हात टेकायचा. "झुमरेता, हिला तूच सांग गं काहीतरी." मी काय सांगणार? काकू गेल्या तर लामियाचं काय होईल, याची मलाच काळजी.

लामिया तांत्रिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हा सारायेवोहून स्पर्धेचं पत्रक आलं. तरुणांनी हुशार यंत्रं वापरून समाजाचे प्रश्न सोडवायचे. अख्ख्या शाळेला ताप भरला. एकानं भरली की बोंबलणारी कचराकुंडी काढली. लामियाचा मित्र वेदाद, उंचच्या उंच, सदा भुकेला, त्याच्या डोक्यात भटक्या कुत्र्यांच्या पट्ट्यांचं काहीतरी होतं. दोघं माझ्या दुकानात बसून फुकटचा बुरेक हाणत वाद घालायची.

"मावशी, आपल्या गावाचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?" लामियानं विचारलं.

"लोक फुकट खातात."

"मावशी!"

"मग काय सांगू? पोरं निघून जातात नि म्हातारी माणसं दाराकडे बघत बसतात. आहे का तुझ्याकडे त्याचं यंत्र?"

मी आपलं तोंडाला येईल ते बोलले. पण पोरीचा हातातला घास तसाच राहिला. वेदादला म्हणाली, "तबक!"

त्यांनी काय केलं, तर आपल्या कॉफीच्या तांब्याच्या तबकाखाली एक चपटी पेटी बसवली. तबकावरच्या प्रत्येक फिल्जानाचं वजन त्या पेटीला कळणार. दोन फिल्जान असले म्हणजे घरात पाहुणा आला, एकच असला म्हणजे म्हातारं माणूस एकटं. पाहुणा आला तर फोनवर हिरवी खूण, एकटं असेल तर पिवळी, आणि सलग काही दिवस एकटंच असेल तर लाल. लाल झालं की गावातल्या पोरांपैकी ज्याची पाळी असेल त्यानं जाऊन बसायचं. आता कॉफीशिवाय आमच्याकडे कोणी कोणाला भेटतं का? तेव्हा कल्पना फक्कड होती. मी मनात म्हटलं, आहे बाई डोकं.

पहिल्या चाचणीत मात्र हसून हसून पुरेवाट झाली. मोहल्ल्यातल्या सगळ्या एकट्या म्हाताऱ्यांकडे तबकं दिली आणि सगळीकडून हिरवंच हिरवं! तो सुतारकाम करणारा खडूस विधुर, ज्याच्या दारात मांजर उभं राहत नाही, त्याच्याकडेही रोज पाहुणा. दोघं डोकं धरून बसली. मी म्हटलं, "अरे गाढवांनो, जादाचा फिल्जान!" आमच्याकडे तबकात माणसं मोजून फिल्जान मांडत नाहीत, एक जादा मांडतात. वाटेनं जाणारं कोणी अचानक आत आलं तर त्याला वाटू नये की आपली वाट बघत नव्हते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण या दोघांनी यंत्राचा विचार करताना घरचं सगळं बाजूला ठेवलं होतं.

"शी! असं कसं विसरले मी?" लामिया लाल झाली.

मग त्यांनी सुधारणा केली. फिल्जान नुसता मांडून भागणार नाही. तो उचलला गेला पाहिजे, परत ठेवला गेला पाहिजे, दर वेळी हलका झाला पाहिजे. म्हणजे कोणीतरी खरंच प्यायलं, तरच पाहुणा. वेदादनं आठवडाभर झोप मोडून ते जमवलं. खडूस सुताराकडे पिवळं आलं, मग लाल आलं, आणि पोरं त्याच्याकडे गेली तर त्यानं त्यांना आधी शिव्या दिल्या आणि मग रात्र होईपर्यंत सोडलं नाही.

सारायेवोला बक्षीस मिळालं ते या सुधारणेमुळेच. मी दुकान बंद ठेवून गेले होते. परीक्षकांतल्या एका टक्कल पडलेल्या साहेबांनी विचारलं, "पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की पाहुण्यानं उठायचं असतं. ते कळतं का तुमच्या तबकाला?" लामिया म्हणाली, "तबकाला कळतं हो, पाहुण्यालाच कळत नाही." सगळा हॉल हसला. मी ऊर भरून टाळ्या वाजवल्या. बक्षिसाबरोबर तिला सारायेवोच्या इंजिनिअरिंगला शिष्यवृत्तीही मिळाली.

देवलेताकाकूंना तबक दिलं तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं.

"म्हणजे माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, याची हे चुगली करणार?"

"चुगली नाही गं आजी! मी आता सारायेवोला जाणार ना. तू एकटी पडलीस तर मला तिथं कळेल. लाल दिसलं की मी पुढच्या बसनं इथं. वचन."

"आणि हिरवं दिसलं तर?"

"तर मला बरं वाटेल. नेजादकाकाच्या फोनवरही दिसेल. मग तो तुला न्यायचं नाव काढणार नाही. तुला इथंच राहायचंय ना?"

"राहायचंय तर," काकू म्हणाल्या. त्यांनी तबक चुलीजवळच्या स्टुलावर ठेवलं, त्यावर हातानं विणलेला रुमाल टाकला आणि जेझवा चढवली. आम्हा सगळ्यांना तेव्हा आनंदच झाला होता.

पहिला शरद सरेपर्यंत लामिया दर शनिवारी यायची. बसमधून उतरून माझ्याकडून पालकाची भाजी घातलेली झेल्यानित्सा बांधून घ्यायची आणि थेट चढ. मग अभ्यास वाढला. मग प्रयोगशाळा, मग मैत्रिणी, मग एक मुलगा, ज्याचं नाव मला अजून कळलेलं नाही. पोरगी वाईट नाही हो. रोज सकाळी आधी फोन उघडून आजीचं बघायची. तिकडनं मला फोन करायची, "मावशी, हिरवं आहे! आज दोनदा हिरवं!" नेजादही लिंत्सहून कळवायचा, "आईकडे वर्दळ आहे म्हणायची." मी फोन कानाला लावून पिठाचे हात झटकायची आणि म्हणायची, चला, बरं झालं.

आता वाटतं, कोणाची वर्दळ? शेजारची हाजरा त्याच वर्षी लेकीकडे राहायला गेली होती. पलीकडच्या घराला कुलूप होतं. मला वाटायचं, मोहल्ल्यातली दुसरी कोणी जात असेल. तिला वाटायचं, झुमरेता जात असेल. पोरांची पाळी लाल झाल्यावरच यायची, आणि काकूंचं तर कधी पिवळंसुद्धा झालं नाही. हिवाळ्यात मी दोनदा गेले असेन, घाईघाईनं, कोट अंगावरच ठेवून. काकूंनी कधी एका शब्दानं विचारलं नाही की लामिया का येत नाही. मलाही वाटलं, हिरवं आहे तर कशाला जुनी खपली काढा.

मार्चमध्ये, चढावरचं बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता तेव्हा, ऑस्ट्रियाच्या नंबरची गाडी माझ्या दुकानासमोर उभी राहिली. नेजाद उतरला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"दोन किलो बुरेक बांध गं. वाटेसाठी."

"आलास कधी? आणि निघालास कुठं लगेच?"

"आईला न्यायला आलोय. तिनंच फोन केला. म्हणाली, ये नि घेऊन जा."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "अरे पण तिच्याकडे तर रोज माणसं येतात! तुझ्या फोनवर नाही का दिसत?"

"दिसतं. आज सकाळीही हिरवं आहे. मला काय कळतंय? मी तिला विचारलं तर म्हणते, माझा शब्द होता, तो पाळतेय."

मी तिथल्या तिथं लामियाला फोन लावला. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग तिला पटलं. दोन तास थांबवून ठेव म्हणाली, कसंही करून. मी नेजादला बसवला, चहा पाजला, भट्टी विझल्याचं नाटक केलं. वेदाद सारायेवोलाच असतो. त्याच्या खटारा गाडीतून दोघं आली ती अर्ध्या वाटेवर पोलिसानं अडवलं म्हणून आणखी उशिरा. दुकानाला कुलूप घालून, बांधलेला बुरेक हातात घेऊन आम्ही सगळी वर गेलो.

काकू कोट घालून खुर्चीत बसल्या होत्या. दोन सुटकेसा दाराशी. गालिचे गुंडाळून भिंतीला लावलेले. चूल विझलेली. ती विझलेली चूल बघून मला जसं भडभडून आलं तसं सुटकेसा बघूनही आलं नाही.

लामिया धापा टाकत आत शिरली ती फोन पुढे धरूनच. "आजी, हे काय? हे बघ ना! सगळं हिरवं आहे! रोज तुझ्याकडे कोणी ना कोणी आलंय. परवा तर तिघं होती! बघ, तीन फिल्जान!"

काकूंना हसू आलं. "तिघं कुठली? परवा माझं डोकं दुखत होतं. तिसराही मीच घेतला."

 वेदादला आधी कळलं, कारण त्यानं पाठ फिरवून खिडकीकडे तोंड केलं. मग मला कळलं. लामियाला सगळ्यात शेवटी.

"म्हणजे दुसरा फिल्जान... रोज..."

"रोज. एक घोट यातला, एक त्यातला. तुमच्या पेटीला हलका व्हायला लागतो ना फिल्जान? मी केला हलका."

"पण का गं आजी?" लामिया आता रडत होती आणि चिडलीही होती. "का असं केलंस? तू काहीच केलं नसतंस तर लाल झालं असतं! मी त्याच दिवशी आले असते! वचन दिलं होतं मी तुला!"

"पहिल्या दिवशी लाजेनं केलं," काकू म्हणाल्या. "देवलेताच्या उंबऱ्यात कोणी पाय ठेवत नाही हे अख्ख्या तेशानला कळायला नको, म्हणून. खोटं कशाला सांगू? पण नंतर लाज कसली? नंतर मी वेगळंच बघत होते." त्यांनी लामियाचा हात धरून तिला समोरच्या स्टुलावर बसवलं. "लाल झालं असतं तर तू धावत आली असतीस, हे मला ठाऊक होतं गं. आग लागली की बंबही येतो. मला बघायचं होतं, सगळं हिरवं असताना येतेस का."

 मी लामियाच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, तिला तो जाणवलाच नसावा. खरं सांगते, त्या क्षणी माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं. माझं दुकान चढाच्या पायथ्याशी आहे. दहा मिनिटांची वाट. 

"मी आता येईन," लामिया शेवटी म्हणाली. "दर शनिवारी. शपथ घेते. ते तबक फेकून देते. आजी, नको जाऊस."

नेजाद दारात उभा होता.  "आई, मी काही जबरदस्ती करत नाही. तुला राहायचं असेल तर राहा. सुटकेसा मी आत ठेवतो. तूच सांग."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या लामियाकडे बघत होत्या. रागानं नाही. पोरगी शाळेतनं आली की आधी तिचा चेहरा बघायच्या, मग जेझवा चढवायच्या, तसंच.

"तू आज राहशील का?" त्यांनी विचारलं. "आज आणि उद्या आणि परवा. तेवढंच. मग बघू पुढचं."

मी मनातल्या मनात ओरडले, हो म्हण. अगं पोरी, हो म्हण! वेदादही खिडकीकडून वळला. लामियानं डोळे पुसले. ती खोटं बोलत नाही, लहानपणापासूनच नाही, आणि त्या वेळी तिला खोटं बोलता आलं असतं तर मी तिचे पाय धरले असते.

"सोमवारी परीक्षा आहे गं आजी," ती म्हणाली. "मोठी आहे. आज रात्रीच परत जायला हवं. पण पुढच्या शनिवारी नक्की..."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी लामियाचं कपाळ जवळ घेऊन चुंबलं आणि तिच्या केसांत अडकलेली काडी काढून टाकली. "खरं बोललीस ते बरं केलंस. चांगला अभ्यास कर." मग खुर्चीचा हात धरून त्या उठल्या आणि नेजादला म्हणाल्या, "गालिचे राहू देत. ते तिकडं बसणार नाहीत."

गाडी चिखलातून हळूहळू खाली गेली. नेजाद दोन किलो बुरेक माझ्याकडेच विसरला होता. मी ओरडले, पण काच बंद होती. लामिया अंगणात उभी राहिली, गाडी दिसेनाशी झाली तरी उभी राहिली. वेदाद म्हणाला, चल, अंधार पडेल, घाटात धुकं असतं. तेव्हा कुठं ती हलली. जाताना मी तिला बुरेक देत होते, तिनं घेतला नाही.

काकू आता लिंत्सलाच असतात. नेजाद म्हणतो, तब्येत बरी आहे, बाल्कनीत बसतात, कॉफी मात्र सोडली, डॉक्टरांनी नको म्हटलंय. डॉक्टरांनी खरंच म्हटलंय का, ते मी त्याला विचारलं नाही. लामिया तिकडं जाऊन आली, एकदा नव्हे, तीनदा. परत आली की माझ्याकडे जास्त बोलत नाही. तबकाचं काम तिनं वेदादकडे देऊन टाकलंय.

ती परीक्षा ती पहिल्या नंबरानं पास झाली. तिनं मला सांगितलं नाही, वेदादकडून कळलं.